दुरुस्ती वेगळी, नवलाई वेगळी

२०२५च्या डिसेंबरमध्ये वेबच्या जगात आळशी माणसे वाचली आणि कामसू माणसे सापडली. ३ तारखेला रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या चमूने जाहीर केले की रिॲक्टच्या १९व्या आवृत्तीतल्या 'सर्व्हर कंपोनंट्स' या भागात एक भगदाड आहे. कोणीही परका माणूस, लॉगिन न करता, एक बेतलेली रिक्वेस्ट पाठवून तुमच्या सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकतो. अशा त्रुटींची तीव्रता दहापैकी मोजतात. हिला दहा मिळाले. रिॲक्टवर उभे असलेले सर्वांत लोकप्रिय फ्रेमवर्क म्हणजे नेक्स्ट.जेएस. त्याच्या १५ आणि १६ या मालिकांवर नव्या पद्धतीने बांधलेल्या साइट्स या तडाख्यात आल्या. ज्यांनी 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत १३ किंवा १४ वरच मुक्काम ठोकला होता, त्यांना त्या दिवशी काही करावे लागले नाही.

त्यांचे समाधान आठवडाभरच टिकले. ११ डिसेंबरला त्याच भागातल्या आणखी त्रुटी जाहीर झाल्या. त्यातल्या एकीचा उपयोग करून सर्व्हर अडकवून ठेवता येत होता, आणि त्यासाठी १४व्या मालिकेलाही नवी आवृत्ती घ्यावी लागली. त्याआधी मार्चमध्ये नेक्स्ट.जेएसमध्येच सापडलेल्या दुसऱ्या एका छिद्रासाठी तर १२पासून १५पर्यंत प्रत्येक मालिकेची दुरुस्ती काढावी लागली होती. त्यामुळे 'जुने ते सोने' असा अर्थ यातून काढायचा नाही. पण 'सतत अपडेट करत राहा म्हणजे सुरक्षित राहाल' हा जो उपदेश डेव्हलपरला गेली पंधरा वर्षे ऐकवला जातो, तोही त्या वर्षात पुरता उघडा पडला. अपडेट हा शब्द दोन भिन्न गोष्टींवर पांघरला गेला आहे आणि फ्रेमवर्क बनवणाऱ्यांना ते पांघरूण सोयीचे आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी डिसेंबरचे भगदाड नीट पाहू, कारण ते कुठून आले हे कळल्याशिवाय पुढचा मुद्दा पटणार नाही.

रिॲक्ट मुळात ब्राउझरमध्ये चालणारी लायब्ररी होती. २०१३मध्ये फेसबुकने ती खुली केली तेव्हा तिचे काम एवढेच होते की माहिती बदलली की पडद्यावरचे चित्र बदलावे. तिच्यात चूक निघाली तर फार तर पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये गडबड होई. ते नुकसान लहान नव्हे, पण सर्व्हर, डेटाबेस, पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या या गोष्टी पलीकडच्या काठावर होत्या. मग साइट जड झाल्या, मोबाइलवर उघडायला वेळ लागू लागला आणि काही काम पुन्हा सर्व्हरवर न्यावे असे ठरले. कल्पना योग्यच होती. पण ती ज्या थाटात राबवली गेली तो थाट असा: डेव्हलपरने एकाच फाइलींच्या संचात, एकाच भाषेत, एकाच ओघात लिहीत जावे; कुठले फंक्शन इकडे चालेल आणि कुठले तिकडे, हे फ्रेमवर्क बघेल. सर्व्हरवरचे फंक्शन बटणाला थेट जोडावे, मधली वाट दिसूही नये.

वाट दिसली नाही तरी असतेच. रिॲक्टने तिच्यासाठी 'फ्लाइट' नावाची देवाणघेवाणीची पद्धत काढली. जेसन या माहिती पाठवण्याच्या साध्या साच्यात फक्त माहिती असते: आकडे, अक्षरे, याद्या. हे त्याचे दारिद्र्य आहे आणि मोठेपणही तेच, कारण जेसन वाचल्याने सहसा काही घडत नाही. फ्लाइटला याहून जास्त हवे होते. त्यात एक तुकडा दुसऱ्या तुकड्याकडे बोट दाखवू शकतो: 'पहिल्या तुकड्यातली अमुक नावाची वस्तू घे, तिच्यातली तमुक काढ.' सर्व्हर त्या बोटामागे जात असे. जाताना मागितलेली वस्तू त्या तुकड्याची स्वतःची आहे की पूर्वजांकडून आलेली, हे तो तपासत नव्हता. जावास्क्रिप्टमध्ये प्रत्येक वस्तूला पूर्वज असतात. त्या वंशावळीत वर चढत गेले की 'कन्स्ट्रक्टर' हाती लागतो आणि तिथून अक्षरांचा कोड करणारे यंत्र. हल्लेखोराने नेमका तोच रस्ता सांगितला आणि सर्व्हर आज्ञाधारकपणे चालत गेला. दुरुस्तीचा गाभा 'ही वस्तू तुझी स्वतःची आहे का?' एवढी तपासणी होता.

जावाचे जग हा धडा २०१५च्या सुमारास फार महागात शिकले होते. बाहेरून आलेल्या बाइट्सपासून जिवंत वस्तू घडवायला गेले की त्या वस्तू काय करतील ते सांगता येत नाही, हे तिथे कळून चुकले. पीएचपीवाल्यांनाही ते ठाऊक होते. पायथनच्या 'पिकल'च्या माहितीपानावर तर ठळक सूचना असते की विश्वास नसलेली माहिती यातून उघडू नका. जावास्क्रिप्टची मंडळी इतकी वर्षे यातून बरीचशी वाचली, कारण त्यांच्याकडे गरीब बिचारे जेसन होते. ते पुरेसे देखणे वाटेना, म्हणून त्यांनी त्याहून हुशार काही बनवले आणि शेजाऱ्यांच्या खड्ड्यात स्वतःच्या पायांनी जाऊन पडले. रिॲक्टचे अभियंते अडाणी नाहीत. त्या क्षेत्रातली उत्तम डोकी तिथे आहेत. म्हणूनच ही चूक एखाद्याच्या निष्काळजीपणाची वाटत नाही. जिथे सीमा असायला हवी तिथे ती अदृश्य करणे हेच ज्या रचनेचे वैशिष्ट्य म्हणून विकले गेले, त्या रचनेचा हा परिणाम आहे.

मार्चच्या त्रुटीतही हेच दिसते. नेक्स्ट.जेएसमध्ये 'मिडलवेअर' असते: रिक्वेस्ट पानापर्यंत पोचण्याआधी तिला अडवणारा कोड. 'लॉगिन केलंय का? नाही? मग परत जा,' ही तपासणी असंख्य लोक तिथेच करत. मिडलवेअर स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावत गोल फिरू नये म्हणून फ्रेमवर्क रिक्वेस्टवर 'एक्स-मिडलवेअर-सबरिक्वेस्ट' असे एक हेडर लावत असे. हेडरमध्ये ठरावीक नाव ठरावीक वेळा दिसले की पुढच्या वेळी मिडलवेअर वगळायचे. हे हेडर बाहेरचा माणूसही लावून पाठवू शकतो, ही शक्यता कोणाच्या ध्यानात आली नाही. रशीद आणि यासिर अल्लाम या दोन संशोधकांनी ती दाखवून दिली. स्वतःच्या सर्व्हरवर साइट चालवणाऱ्यांचे दार, कुलूप जागेवर असूनही, उघडे होते. मात्र सगळा दोष फ्रेमवर्कवर टाकूनही चालणार नाही. परवानगीची तपासणी एकाच ठिकाणी, तीही दाराशी, आणि आत डेटाबेसजवळ काही नाही, ही आपल्याकडच्या बहुतेक कोडची सवय आहे. फ्रेमवर्कच्या शिकवण्यांनीही ती सवय लावली.

आता वेळेचा प्रश्न. लाकलन डेव्हिडसन या संशोधकाने २९ नोव्हेंबरला रिॲक्टमधली त्रुटी कळवली आणि चार दिवसांत दुरुस्ती आली. या कामगिरीचे कौतुकच करायला हवे. पण दुरुस्ती जाहीर होणे म्हणजे भगदाडाचा नकाशा जाहीर होणे. खुल्या कोडमध्ये काय बदलले ते कोणालाही वाचता येते आणि बदललेल्या ओळींवरून मूळ चूक काढणे सरावलेल्या माणसाला अवघड नसते. ॲमेझॉनच्या सुरक्षा विभागाने नोंदवले की जाहीर झाल्यापासून काही तासांतच चीनशी संबंधित गटांचे प्रयत्न सुरू झाले होते. २०१७मध्ये इक्विफॅक्स या अमेरिकन पतमापन कंपनीतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. तेव्हा अपाचे स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कची दुरुस्ती मार्चमध्ये आली होती आणि चोर मेच्या मध्यावर शिरले. दोन महिने हातात असून त्या कंपनीने काही केले नाही, म्हणून तिला शिव्या बसल्या आणि त्या योग्यच होत्या. आज ज्याला दोन दिवस लागले त्यालाही उशीर झालेला असतो.

त्या घाईची किंमत वेगळ्याच लोकांनीही मोजली. साइट्सची वाहतूक स्वतःमार्फत नेणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीने आपल्या ग्राहकांच्या साइट्स या हल्ल्यापासून वाचवण्यासाठी ५ डिसेंबरला आपल्या यंत्रणेत बदल केला. तो करताना एक अंतर्गत चाचणी-साधन बंद करावे लागले, आणि ते बंद करण्याची सूचना काही सेकंदांत जगभर पोचवणाऱ्या मार्गाने गेली. त्यातून जुन्या कोडमधली एक झोपलेली चूक जागी झाली. त्यांच्याकडून जाणाऱ्या वेब वाहतुकीपैकी सुमारे २८ टक्के वाहतूक जवळपास २५ मिनिटे कोलमडली. आपल्याकडे शुक्रवारची दुपार होती, शेअर बाजार चालू होता आणि झिरोधा, ग्रो यांच्या ग्राहकांच्या हातातली ॲप्स ठप्प झाली. दलालाकडे अडकलेल्या गुंतवणूकदाराने रिॲक्टचे नावही ऐकलेले नसणार.

मग घाई करावी की नाही? २०२५नेच याचे उलटे उत्तरही देऊन ठेवले. सप्टेंबरमध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या भांडारात चॉक, डीबग अशा अठरा पॅकेजेसच्या विषारी आवृत्त्या निघाल्या. देखभाल करणाऱ्या माणसाला एनपीएमच्या नावाने खोटा ईमेल आला आणि त्याचे खाते हल्लेखोरांच्या हाती गेले. या पॅकेजेसची आठवड्याची डाउनलोड्स मिळून दोनशे कोटींच्या वर होती. विषारी आवृत्त्या जेमतेम दोन तास उपलब्ध होत्या आणि त्या दोन तासांत सापडले ते लगबगीने अपडेट करणारे. यावर उपाय म्हणून पीएनपीएम या पॅकेज साधनाने सोय दिली: नवी आवृत्ती निघून ठरावीक काळ उलटल्याशिवाय ती घ्यायचीच नाही. शहाणपणाची सोय आहे. पण हाच शहाणपणा डिसेंबरमध्ये पाळला असता तर घर लुटले गेले असते.

एकाच वर्षात डेव्हलपरला दोन आज्ञा मिळाल्या: ताबडतोब घे आणि मुळीच घाई करू नको. दोन्ही बरोबर आहेत, फक्त त्या वेगवेगळ्या गोष्टींबद्दल आहेत. एक गोष्ट दुरुस्तीची, दुसरी नवलाईची. कोकणात पावसाआधी घर शाकारतात. शाकारणीला आलेल्या गड्याने फुटलेली कौले बदलावीत, सरकलेली नीट बसवावीत आणि उतरावे. त्याने जाता जाता स्वयंपाकघर माजघरात नेले आणि 'आता अशीच पद्धत आहे' म्हटले, तर पुढच्या वर्षी घरमालक त्याला बोलावणार नाही आणि गळक्या छपराखाली बादली ठेवून पावसाळा काढील.

जावास्क्रिप्टच्या जगात बादल्या का दिसतात, याचे उत्तर इथे आहे. ज्याला आपण डेव्हलपरचा आळस म्हणतो तो बहुधा अनुभवातून आलेला धाक असतो. अँग्युलरजेएस २०१०मध्ये गूगलने आणले. लाखो लोकांनी त्यावर बँकांची, रुग्णालयांची, सरकारी खात्यांची कामे उभारली. २०१६मध्ये 'अँग्युलर २' आले ते नावापुरतेच त्याचे वारस होते. जुना कोड उचलून त्यात बसवता येत नव्हता, बहुतेक पुन्हा लिहायचा होता. ३१ डिसेंबर २०२१ला जुन्याची देखभाल थांबली. त्यानंतर त्यात सापडलेल्या त्रुटी गूगल दुरुस्त करत नाही. पैसे घेऊन जुन्याची दुरुस्ती पुरवणाऱ्या खासगी कंपन्यांचा धंदा त्यावर चालतो. ज्या चमूने ते पुनर्लेखन एकदा भोगले आहे, त्याला 'अपडेट उपलब्ध' या दोन शब्दांत धमकी ऐकू आली तर नवल काय? आणि 'चालतंय ना, हात लावू नको' हे वाक्य पुण्यातल्या कुठल्याही आयटी कंपनीत उगाच ऐकू येत नाही.

त्यात गोंगाटाची भर. एनपीएम ऑडिट ही आज्ञा चालवली की पडद्यावर डझनावारी इशारे लाल अक्षरांत उमटतात. त्यांतले बरेच अशा साधनांबद्दल असतात जी फक्त कोड बांधताना डेव्हलपरच्या यंत्रावर चालतात आणि प्रॉडक्शनमध्ये पोचतच नाहीत. रिॲक्टच्याच चमूतले डॅन अब्रामॉव्ह यांनी २०२१मध्ये लिहिले होते की ही रचनाच मुळात चुकीची आहे. रोज खोटी आरोळी ऐकणाऱ्या माणसाने डिसेंबरची खरी आरोळीही कानाआड केली तर त्याला एकट्याला दोषी धरता येणार नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो: फुकट मिळते ते घ्यावे, तक्रार कसली? चॉकसारख्या पॅकेजबाबत मी हा आक्षेप पूर्ण मान्य करतो. एकटा माणूस संध्याकाळी फावल्या वेळात दोनशे कोटी डाउनलोड्स सांभाळतो, तेव्हा त्याच्याकडून पाच वर्षांच्या देखभालीची हमी मागणे निर्लज्जपणाचे आहे. पण नेक्स्ट.जेएस हे व्हर्सेल या कंपनीचे आहे आणि २०२५च्या सप्टेंबरमध्ये गुंतवणूकदारांनी त्या कंपनीची किंमत ९३० कोटी डॉलर धरली. रिॲक्ट फेसबुकच्या, म्हणजे आताच्या मेटाच्या, अंगणात वाढले. हे दान नव्हे. फ्रेमवर्क फुकट वाटले जाते कारण त्यावर उभी राहणारी साइट पुढे कुठेतरी पैसे देऊन चालवावी लागते. दर काही महिन्यांनी नवी कल्पना, नवी परिषद आणि नवे 'आता असे लिहा' हा त्या व्यापाराचाच भाग आहे. त्यात वाईट काही नाही, पण मग दुरुस्तीची जबाबदारीही व्यापाराच्या नियमाने मोजली पाहिजे.

आणि ती निभावणे अशक्य नाही. डिसेंबरमध्ये नेक्स्ट.जेएसच्या चमूनेच ते करून दाखवले. त्यांनी १५.० साठी वेगळी, १५.१ साठी वेगळी, अशी १५.५ पर्यंत आणि १६.० साठी दुरुस्ती काढली. जो जिथे होता तिथेच त्याला शेवटचा आकडा बदलून सुटता आले. कोणाला घर हलवावे लागले नाही. पायथनमधले जँगो हे फ्रेमवर्क वर्षानुवर्षे शिस्तीने हेच करते. दर काही आवृत्त्यांनंतर एक दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती येते, तिला तीन वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात, आणि त्या दुरुस्त्यांत नवी सोय घुसडली जात नाही. जँगोच्या आवृत्त्या जाहीर होतात तेव्हा कोणी टाळ्या पिटत नाही. नोड.जेएसचीही सम आकड्यांच्या आवृत्त्यांची दीर्घ देखभाल आहे. म्हणजे जावास्क्रिप्टच्या तळमजल्यावर ही शिस्त आहे. वरच्या मजल्यांवर ती संकटकाळी आठवते, एरवी नाही.

आपल्या बाजूची कथा फार लांबवण्यासारखी नाही, कारण ती सगळ्यांना माहीत आहे. संस्था, बँक, पालिका किंवा छोटा उद्योग वेबसाइट 'करून घेतो'. करून घेण्याला अंदाजपत्रकात रक्कम असते. मग वर्षभर फुकट मेंटेनन्स आणि नंतर एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार. एएमसीत काय येते? सर्व्हर चालू राहणे, बॅनर बदलणे, नव्या अध्यक्षांचा फोटो चढवणे. पॅकेज.जेसन या फाइलीमार्फत येणाऱ्या शेकडो परक्या कोडच्या आवृत्त्या कोण बघणार, हे करारात सहसा नसते. ज्या मुलाने साइट बांधली तो दोन कंपन्या ओलांडून हिंजवडीहून बंगळूरला गेलेला असतो. कायद्याचा बोजा मात्र साइटच्या मालकावर आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२च्या आदेशानुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. २०२४मध्ये सर्ट-इनने सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी ठेवण्याची मार्गदर्शक तत्त्वेही काढली, ते चांगलेच झाले. पण आपल्या छपरावर कुठले कौल फुटले आहे ते यादीने कळेल. गडी बोलावायचे पैसे कोण देणार ते कळणार नाही.

युरोपीय संघाने २०२४मध्ये सायबर लवचीकतेचा कायदा केला. तो विकल्या जाणाऱ्या डिजिटल वस्तूंना लागू आहे, साध्या वेबसाइटला नाही, आणि ११ डिसेंबर २०२७पासून पूर्ण अमलात येईल. त्याच्या परिशिष्टात एक अट आहे: तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे सुरक्षेचे अपडेट सोयींच्या अपडेटपासून वेगळे द्यावे. जाडजूड कायद्यातले हे एक कलम मला बाकी सगळ्यापेक्षा मोलाचे वाटते. युरोपला सॉफ्टवेअर विकणाऱ्या आपल्याकडच्या कंपन्यांना ते पाळावेच लागेल, आणि एकदा ती शिस्त लागली की देशी ग्राहकालाही ती मागता येईल.

मागायची कशी, तर निविदेत आणि करारात. एएमसीच्या कलमात दोन ओळी वेगळ्या हव्यात. पहिली दुरुस्तीची: गंभीर त्रुटी जाहीर झाल्यापासून किती तासांत ती साइटवर बसेल, रात्री आणि रविवारी ती कोण बसवेल, आणि त्यासाठी चाचणीची यंत्रणा आधीपासून चालू असेल की नाही. दुसरी आवृत्तीबदलाची: किती वर्षांनी, कुठल्या दराने, आणि जिची दीर्घ देखभाल जाहीर झाली आहे अशाच फ्रेमवर्कवर. या दोन ओळी एकत्र केल्या की ठेकेदार दुसरीच्या नावाने पैसे घेतो आणि पहिली तशीच राहते. पहिल्या ओळीवर हिशेब विभाग विचारील की या रकमेत साइटवर नवीन काय दिसणार. काहीच दिसणार नाही, असे उत्तर लेखी द्यावे आणि रक्कम कमी करू नये.